विल्फ तीनदा ठोकतो

चार माणसांनी झोपावं म्हणून बनवलेल्या ग्लेनिसच्या कॅराव्हॅनमध्ये त्या बुधवारी दुपारी चार वाजता सतरा माणसं, दोन कुत्री आणि एक मृतात्मा एवढी मंडळी दाटीवाटीनं जमली होती. मृतात्म्याला बसायला जागा लागत नाही, हे त्यातल्या त्यात नशीब. चौतीस वर्षांची ती चाकांवरची खोली समुद्राच्या बाजूला चांगलीच कलली होती आणि कोपऱ्यातले टेकू कण्हत होते. जो तो शिरस्त्याप्रमाणे आपापला चहाचा मग घेऊन आला होता. परलोकाशी बोलायचं झालं तरी यजमानाचे मग विटाळायचे नाहीत, ही त्या कॅराव्हॅनतळावरची सभ्यता.

सिंकपाशी मिस्टर सेप्टिमस क्रोक उभे होते. अंगात जांभळं जाकीट, दहापैकी सात बोटांत तांब्याच्या अंगठ्या. सिंकमध्ये त्यांनी एक पांढरा टॉवेल चार घड्या घालून ठेवला होता. 'परलोकातून आलेल्या हातांना पुसायला काहीतरी हवं,' असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून पुढच्या रांगेतल्या मेव्हिस हॉबचे डोळे भरून आले होते. मेव्हिसचा नवरा पर्सी मात्र दारात, एक पाय पायरीवर ठेवून उभा होता. स्वतःच्या घरचा टॉवेल त्यानं गेल्या चाळीस वर्षांत एकदाही घडी घालून ठेवला नव्हता, आणि त्यावर मेव्हिसचे डोळे भरून यायचे ते वेगळ्या कारणानं.

"पाणी विसरत नाही," क्रोकसाहेब डोळे मिटून म्हणाले. "पाणी म्हणजे काळाच्या गालावरचा अश्रू. मी पाणी ऐकतो. तुम्ही पाणी पिता, मी पाणी ऐकतो. विल्फ्रेड... आहेस का?"

क्रोकसाहेबांचं एक बोट मांडीवर हलकेच ताल धरून होतं.

सिंकखालच्या बंद कपाटातून आवाज आला. टक्. टक्. टक्.

सतरा तोंडांतून एकच सुस्कारा निघाला. धाकट्या कुत्र्यानं गळा काढला. ग्लेनिसनं छातीशी धरलेला मग घट्ट आवळला.

ते तीन ठोके कुणाचे, हे तळावर सगळ्यांना ठाऊक होतं. विल्फ हयात असताना स्वतःच्याच कॅराव्हॅनच्या दारावर पान्यानं तीनदा ठोकायचा. म्हणजे ग्लेनिसनं समजावं, की स्वारी चिखलाच्या बुटांनी येतेय, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरावं. तेहतीस उन्हाळे हा क्रम चालला. गेल्या सप्टेंबरात विल्फ इस्पितळात गेला आणि नोव्हेंबरात गेलाच. ईस्टरला तळ उघडला, ग्लेनिस एकटीच आली, तिनं बाहेरचं पाण्याचं पिंप भरलं, पंपाचं बटण दाबलं, चहा ठेवला. वीस मिनिटांनी कपाटात टक्-टक्-टक् झालं. तिनं मुकाट्यानं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि मग त्यावरच बसून रडली.

"तू सुखात आहेस?" क्रोकसाहेबांनी विचारलं.

टक्. टक्. टक्.

"तिथं थंडी वाजते?"

शांतता. क्रोकसाहेबांनी दहापर्यंत मोजावं इतका वेळ थांबून मान हलवली. "नाही म्हणतोय."

"बघा!" मेव्हिस कुजबुजली. "मोजे न घेता गेला बिचारा, मला तीच काळजी होती."

मग क्रोकसाहेबांनी आवाज खाली आणला. "विल्फ्रेड, मन घट्ट करून सांग. ग्लेनिसनं ही जागा सोडून माणसांत, गावात जाऊन राहावं, असं तुला वाटतं?"

टक्. टक्. टक्.

ग्लेनिसचा चेहरा उतरला. ही जागा म्हणजे पुढची रांग, पहिला नंबर. खिडकी उघडली की थेट समुद्र. या रांगेतली जागा मिळायला माणसं बारा-बारा वर्षं यादीत थांबत आणि नंबर लागेपर्यंत काहीजण थेट वर जात. तिथं विल्फनं खुर्ची टाकलेल्या ठिकाणी गवत अजून दबलेलं होतं.

"शनिवारपर्यंत विचार करा," क्रोकसाहेब म्हणाले. "आणि हे कपाट उघडायचं नाही. ते आता गर्भगृह आहे. पाना, पक्कड, असल्या लोखंडी गोष्टी जवळ आल्या की आत्मा मुका होतो."

पर्सीला खोकला आला.

त्याच्या खोकल्याला कारण होतं. शुक्रवारी तळाच्या व्यवस्थापिका मिसेस क्विल ओल मोजायचं यंत्र घेऊन यायच्या होत्या. नियमच होता: तीस वर्षांवरच्या कॅराव्हॅनची दर मे महिन्यात तपासणी. आतली लाकडी जमीन कुजलेली निघाली, तर कॅराव्हॅन तळाबाहेर आणि जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि पर्सीला गेल्या दोन आठवड्यांपासून ग्लेनिसच्या सिंकसमोर उभं राहिलं की पावाच्या ओल्या कापावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"मी एकदा तो पंप बघू का?" असं त्यानं एप्रिलमध्येच विचारलं होतं.

"नको रे पर्सी," ग्लेनिस म्हणाली होती. "तू दुरुस्त केलास आणि तो बोलायचा थांबला तर?"



घरी, म्हणजे अठरा पावलांवरच्या स्वतःच्या कॅराव्हॅनमध्ये आल्यावर त्यानं मेव्हिसपुढे विषय काढला.

"सिंकमध्ये टॉवेल कोण ठेवतं गं?"

"झालं तुझं सुरू! सगळ्यांना विल्फ ऐकू आला, तुला टॉवेल दिसला."

"आणि तो बोट का आपटत होता?"

"वातानं. साठीच्या पुढे बोटं हलतात. तुझी हलत नाहीत, कारण तू ती कधी वापरतच नाहीस."

"मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं—"

"टेस्ट ट्यूब धुतल्यास. माहितेय. विल्फला पाणीसुद्धा लागतं, ते माहितेय का तुला? पिंप पूर्वी दोन दिवस पुरायचं, आता एका दिवसात रिकामं. क्रोकसाहेब म्हणाले, आत्म्यांना तहान फार. आणि कॅराव्हॅनखाली गवत बघितलंस? हिरवंगार, हृदयाच्या आकाराचं!"

"बघितलं मी. मला मूत्रपिंडासारखं वाटलं."

"तुला सगळं मूत्रपिंडासारखंच वाटतं," मेव्हिस म्हणाली आणि अंड्याचं सँडविच त्याच्यापुढे आपटलं.

पर्सीनं सँडविच खाता खाता विचार केला. गवत हिरवं होतं ते पाण्यानं. पाणी गवतापर्यंत पोचतं ते जमिनीतून. म्हणजे कॅराव्हॅनच्या जमिनीतून. बाकीच्यांचा पंप चालला की गुर्र करतो, म्हणून कुणाला फसता येत नाही. पण विल्फनं आपला पंप बाकाखाली गालिच्याच्या तीन थरांवर बसवला होता, आणि 'माझा पंप मांजरासारखा चालतो' म्हणून तळभर मिरवलं होतं. बिचाऱ्याचं कौशल्यच त्याच्या बायकोच्या मुळावर आलं होतं.

गुरुवारी दुपारी चारला पर्सी पुन्हा दारात उभा राहिला. या खेपेला खिशात शाळेनं निवृत्तीच्या दिवशी दिलेलं स्टॉपवॉच होतं. गर्दी वाढली होती. मिसेस क्विलसुद्धा आपला मग घेऊन आल्या होत्या. उद्या तपासणी करायची असली तरी आज चहा प्यायला कायद्यानं बंदी नव्हती.

क्रोकसाहेबांनी टॉवेल ठेवला आणि 'परलोकाच्या दाराला अभिवादन' म्हणून नळाला हात लावला. पर्सीनं नीट पाहिलं. हात लावताना मनगट किंचित वळलं. नळातून आवाज नाही, धार नाही. पण टॉवेलची वरची घडी हळूहळू राखाडी व्हायला लागली.

टक्. टक्. टक्. पर्सीनं खिशातलं बटण दाबलं.

पुन्हा ठोके. चौतीस सेकंद.

पुन्हा. चौतीस.

"विल्फ्रेड, तू आमच्यात आहेस?" क्रोकसाहेबांनी बत्तिसाव्या सेकंदाला विचारलं. टक्-टक्-टक्. "तुझा कुणावर राग आहे?" त्यांनी ठोक्यामागोमाग विचारलं. शांतता. "नाही. केवढं मोठं मन!"

पर्सीला हसू आवरेना. हो हवं असेल तर ठोका यायच्या आधी विचारायचं, नाही हवं असेल तर ठोका येऊन गेल्यावर. एवढ्यावर माणूस संतपदाला पोचला होता! रेल्वेच्या वेळापत्रकातून याहून जास्त भविष्य कळतं.

तेवढ्यात विल्फ बिथरला.

टक् टक् टक् टक् टक् टकटकटकटकटक... शिलाई मशीन चालावं तसे ठोके सुरू झाले, ते थांबेचनात. सिंकवरचे चमचे नाचू लागले. थोरला कुत्रा बाकाखाली घुसला, धाकटा मिसेस क्विलच्या मांडीवर चढला.

"तो चिडलाय!" क्रोकसाहेब ओरडले. त्यांचा स्वतःचाच रंग उडाला होता. "इथं कुणीतरी नास्तिक आहे!"

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"पर्सी!" मेव्हिस किंचाळली. "माफी माग त्याची!"

"मागतो," पर्सी म्हणाला, "पण आधी त्याला पाणी पाजून येतो."

तो बाहेर गेला. पायानं पिंप ढकललं. ते रिकामं गडगडत थेट हिरव्या मूत्रपिंडावर जाऊन थांबलं. त्यानं सार्वजनिक नळावरून भरलेलं दुसरं पिंप आणून नळी त्यात सोडली आणि आत डोकावून म्हणाला, "मिस्टर क्रोक, जरा बाजूला सरा."

"मी हटणार नाही!" क्रोकसाहेब छाती काढून नळासमोर उभे राहिले. "मी आत्म्याला शरण—"

पाइपमध्ये शिरलेली हवा पाण्यानं पुढे रेटली. मिळेल तिथून तिला बाहेर पडायचं होतं, आणि नळ केसभर उघडा होता. फुस्स! फट्! फुर्रर्र! नळानं तीन शिंका दिल्या आणि सगळ्या जांभळ्या जाकिटावर दिल्या. टॉवेल उडून क्रोकसाहेबांच्या खांद्यावर बसला. मग ठोके थांबले.

मग मागून एक आजोबा म्हणाले, "अरेच्चा, नळ चालू होता की!"

"चालूच असतो," पर्सी आत येत म्हणाला. "अगदी केसभर. पाणी टॉवेलवर गळतं म्हणून ऐकू येत नाही. पाइपातला दाब उतरला की पंप आपोआप क्षणभर चालतो. आत पाइप सुटा असणार. तो फळीवर आपटतो. आणि पिंप रिकामं झालं की दाब भरतच नाही, म्हणून मघाशी पंप थांबेना. ग्लेनिस, तू परवानगी देत असशील तर मीही विल्फला चार प्रश्न विचारतो. तो माझा दोस्त होता, रागावायचा नाही."

ग्लेनिसनं नुसती मान हलवली. पर्सीनं नळ पुन्हा केसभर सोडला, स्टॉपवॉच सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि बत्तीस झाले की विचारलं, "विल्फ, तू जिवंत आहेस का?"

टक्. टक्. टक्.

"अगं बाई!" मेव्हिस म्हणाली.

पुन्हा बत्तीस. "विल्फ, तू मासा आहेस का?"

टक्. टक्. टक्.

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

"विल्फ, माझ्या मेव्हिसचं अंड्याचं सँडविच जगात सगळ्यात वाईट आहे ना?"

टक्. टक्. टक्.

आता लपवायला खोकलाही पुरेना. कॅराव्हॅन हसण्यानं गदगद हलली, टेकू करकरले, आजोबांच्या मगातला चहा शेजारणीच्या मगात गेला. "घरी चल तू," मेव्हिस दात-ओठ खात म्हणाली. पण तिचेही खांदे हलत होते.

पर्सीनं नळ घट्ट बंद केला. "आता तुम्ही विचारा, मिस्टर क्रोक."

क्रोकसाहेबांनी विचारलं. पुन्हा विचारलं. लॅटिनसारख्या वाटणाऱ्या कशात तरी विचारलं. एक मिनिट झालं, तीन झाली, पाच झाली. कपाट ढिम्म.

मिसेस क्विलनी मांडीवरचं कुत्रं खाली ठेवलं. "मिस्टर क्रोक, तुम्ही मागच्या रांगेत ना? कचराकुंड्यांशेजारी? पुढच्या रांगेच्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे, मला आठवतं. गेल्या महिन्यात तीनदा विचारून गेलात, जागा कधी सुटते म्हणून."

सगळे क्रोकसाहेबांकडे बघू लागले. पाणी ऐकणाऱ्या त्या माणसाला एकाएकी बरंच काही ऐकावं लागणार, अशी चिन्हं दिसू लागली. "नकारात्मक लहरींत मी काम करत नाही," असं म्हणून ते निथळत्या जाकिटानं पायरी उतरले. टॉवेल खांद्यावरच राहिला. "अहो, तो टॉवेल माझा आहे," आजोबा मागून ओरडले, तरी ते थांबले नाहीत.

हसण्याचा पूर ओसरला, तेव्हा ग्लेनिस तेवढी हसत नव्हती.

"पर्सी," ती म्हणाली, "तो लबाड आहे, कळलं मला. पण तो यायच्या आधीपासून ठोके येत होते. ईस्टरपासून. नळ बंद असतानाही. वीस-वीस मिनिटांनी. ते कोण होतं?"

खोटं उघडं पाडणं सोपं असतं. खऱ्या दुःखासमोर उभं राहायला स्टॉपवॉच उपयोगी पडत नाही.

"ते ठोके खरे आहेत," तो म्हणाला. "तू ऐकलंस ते खोटं नाही. पण ते काय आहे, हे त्या कपाटात आहे. मी उघडणार नाही. तूच उघड."

ग्लेनिस गुडघ्यांवर बसली. बसताना जमीन तिच्या गुडघ्यांखाली दबली, ते तिलाही कळलं. तिनं कपाटाचं दार ओढलं.

आत अळंबी उगवली होती. भिंतीची फळी फुगली होती. पाइप क्लिपेतून निसटून लोंबत होता आणि त्याच्या वळणावरचा एल्बो केसाएवढा तडकलेला होता. तड्यावर थेंब यायचा, जाडा व्हायचा, पडायचा. त्यातलं बरंचसं पाणी पाइपासाठी जमिनीला पाडलेल्या भोकातून खाली गवतावर जात होतं, उरलेलं जमीन पीत होती. म्हणजे तहान होती खरी; फक्त ती विल्फची नव्हती.

पण ग्लेनिस पाइपाकडे बघतच नव्हती. ती दाराच्या आतल्या बाजूकडे बघत होती. तिथं वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं बारीक अक्षरांत वर्षावर्षाच्या नोंदी होत्या. विल्फच्या हातच्या. कुठल्या साली कुठला वॉशर बदलला. 'पंपाखाली गालिचा घातला. मांजर!' 'क्लिप सैल होते. दर वसंतात आवळणे. फार नाही.' आणि अगदी खाली, गेल्या उन्हाळ्यातली:

'हा एल्बो म्हातारा झालाय, पुढचा नंबर याचा. नवा बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय. ऑक्टोबरात सगळं पाणी काढायचं, नळ उघडे ठेवायचे, नाहीतर पाणी गोठून हाच फुटणार. मी विसरलो तर ग्ले.नं टोचणी लावावी.'

ऑक्टोबरात विल्फ इस्पितळात होता. ग्लेनिस त्याच्या उशाशी होती. नळ कोण उघडणार?

"थंडीत पाणी गोठलं, फुगलं आणि एल्बो तडकला," पर्सी हळूच म्हणाला. "थेंब थेंब गळतं, वीस मिनिटांत दाब उतरतो, पंप क्षणभर चालतो, सुटा पाइप तीन हिसके खातो. एवढंच आहे गं ते. तुझी चूक नाही. आणि तो तुला जा म्हणाला नव्हता."

ग्लेनिसनं डोळे पुसले. मग नाक पुसलं. मग मेव्हिसकडे वळून म्हणाली, "तो निळा बिस्किटांचा डबा दे गं. वरच्या फळीवरचा. मी मेली आठ महिने त्याला हात लावला नाही, म्हटलं बिस्किटं सादळली असतील."

डब्यात बिस्किटं नव्हती. एल्बो होता, दोन वॉशर होते, आणि एक क्लिप.

पर्सीनं पाना पुढे केला, पण स्वतः हात घातला नाही. पंपाचं बटण बंद, नळ उघडे, खाली भांडं; तो सांगत गेला आणि ग्लेनिस करत गेली. जुना एल्बो निघताना तिच्या बाहीत कपभर पाणी गेलं. तिनं विल्फला एक शिवी हासडली, आणि मेव्हिसच्या म्हणण्याप्रमाणे नोव्हेंबरानंतर ग्लेनिस पहिल्यांदाच माणसात आल्यासारखी बोलली. "आवळ," पर्सी म्हणाला. "फार नाही." "माहितेय," ती म्हणाली. "लिहिलंय."

पाइप क्लिपेत बसला. बटण दाबलं. बाकाखाली मांजर क्षणभर गुरगुरलं आणि झोपी गेलं. सगळेजण कान देऊन उभे राहिले. दहा मिनिटं. वीस. पंचवीस. बाहेरचा समुद्र तेवढा ऐकू येत होता. इतक्या आठवड्यांत त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"गेला का गं विल्फ?" मेव्हिसनं अगदी हळू विचारलं.

"नोव्हेंबरातच गेला गं," ग्लेनिस म्हणाली. "चहा ठेव."

रात्रभर हीटर लावून, गालिचा उलटून, तळावरच्या तिघांनी आळीपाळीनं फळी वाळवली. शुक्रवारी मिसेस क्विलनी यंत्र टोचलं, आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि शेरा लिहिला: 'सिंकसमोरची एक फळी महिनाभरात बदलणे. बाकी ठीक. जागा कायम.' कचराकुंड्यांशेजारची कॅराव्हॅन त्याच सकाळी गाडीला जोडून निघून गेली. दुसऱ्या कुठल्या तरी तळावर दुसरं कुठलं तरी पाणी आता ऐकलं जात असेल.

म्हणून हे लिहून ठेवायचं. भिंत बोलायला लागली तर हात जोडायच्या आधी कपाट उघडावं. कुणी 'उघडू नका' म्हणालं, तर दोनदा उघडावं. आपलं माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू यावा असं वाटणं ही अंधश्रद्धा नव्हे, ती माया आहे; पण त्या मायेत केसभर फट ठेवून आपला टॉवेल भिजवून घेणारे फार असतात. विचार करणं म्हणजे गेलेल्यावर प्रेम कमी करणं नाही. ग्लेनिसनं आयुष्यभर ठोके ऐकत बसायचं ठरवलं असतं, तर जमीन कुजली असती, जागा गेली असती आणि विल्फचं अक्षर अळंबीनं खाल्लं असतं.

फळी बदलल्याच्या दिवशी पर्सी हत्यारं आवरत होता, तेव्हा ग्लेनिस पेन्सिल घेऊन पुन्हा कपाटापुढे बसली. मग विल्फच्या शेवटच्या नोंदीखाली, त्याच्याहून जरा मोठ्या अक्षरात लिहिलं:

'मे. एल्बो बदलला. फार आवळला नाही. ऑक्टोबरात पाणी मी काढीन. — ग्ले.'